दीडफुटी शब्दांचा विग्रह: लांबलचक इंग्रजी शब्द कसे फोडावेत

मावशीचं ऑपरेशन झालं आणि ती घरी आली, तेव्हा तिच्या डिस्चार्ज कार्डावर एक शब्द लिहिलेला होता: कोलेसिस्टेक्टोमी. इंग्रजीत मोजली तर पंधरा अक्षरं. "माझं नेमकं काय काढलंय ते वाच रे," असं म्हणत तिने कार्ड माझ्या हातात दिलं आणि मी पहिल्या चार अक्षरांवरच अडकलो. पित्ताशय काढलंय हे डॉक्टरांनी तिला तोंडी सांगितलेलं होतंच. पण कागदावरच्या त्या शब्दात पित्ताशय कुठे आहे, हे मला दाखवता येईना.

रात्री शब्दकोश उघडला. कोले म्हणजे पित्त. सिस्ट म्हणजे पिशवी. एक्टोमी म्हणजे कापून बाहेर काढणं. मी कागदावर तीन तुकडे वेगवेगळे लिहिले आणि पहिल्या दोघांच्या खाली मराठी शब्द लिहिला: पित्त, आशय. पित्ताशय! ग्रीकांनी त्या अवयवाला जे नाव दिलं, तेच, त्याच क्रमाने, आपल्याकडेही आहे. इतका वेळ ज्या शब्दाला मी घाबरत होतो तो माझ्या ओळखीचाच निघाला, फक्त कपडे बदलून आला होता.

तेव्हापासून मी लांब इंग्रजी शब्द पाठ करत नाही, त्यांचा विग्रह करतो. शाळेत समासाचा विग्रह केलेला कुणीही हे करू शकतो. 'किंकर्तव्यविमूढ' हा शब्द पहिल्यांदा दिसतो तेव्हा तोही भिंतीसारखाच वाटतो. किं, कर्तव्य, विमूढ असे तुकडे केले की 'काय करावं हे न कळून गोंधळलेला' हा अर्थ आपोआप हाताशी येतो. इंग्रजीतले बहुतेक लांब शब्द असेच ग्रीक आणि लॅटिन तुकडे जोडून केलेले असतात. या लेखात ते फोडायची रीत सांगतो, ज्या क्रमाने मी स्वतः करतो त्याच क्रमाने.

आधी शेपटी पकडा

नवीन माणूस लांब शब्द डावीकडून वाचायला घेतो आणि तिसऱ्या तुकड्यापर्यंत दमतो. उलट करा. आधी शेवट बघा. राजवाडा हा वाडा असतो, राजा नसतो. शब्दाची जात शेवटच्या पदावरून ठरते. या शब्दांचंही तसंच आहे. शेवटी 'लॉजी' असेल तर ते शास्त्र, 'फोबिया' असेल तर भीती, 'इझम' असेल तर एखादं मत किंवा विचारसरणी, 'आयटिस' असेल तर दाह, 'ओसिस' असेल तर बहुतेक वेळा एखादा विकार किंवा अवस्था, 'मीटर' असेल तर मोजायचं साधन. एवढ्यावरच अर्धं काम होतं, कारण आपण कशाबद्दल बोलतोय हे कळलेलं असतं.

दोन शेपट्यांपाशी मात्र जरा थांबायला हवं, कारण तिथे एका अक्षराने अर्थ बदलतो.

पहिली शस्त्रक्रियेची. 'टोमी' म्हणजे छेद देणं. 'एक्टोमी' म्हणजे छेद देऊन बाहेर काढणं. त्यातला 'एक' हा ग्रीक तुकडा 'बाहेर' असं सांगतो. 'स्टोमी' म्हणजे तोंड करणं, म्हणजे शरीराला नवं द्वार ठेवणं. ग्रीक 'स्टोमा' म्हणजे तोंड. म्हणून श्वासनलिकेला दिलेला छेद ट्रेकिओटोमी, आणि तिथे श्वास घेण्यासाठी ठेवलेलं द्वार ट्रेकिओस्टोमी. कागदावर फरक फक्त एस या एका अक्षराचा. घरातल्या कुणाच्या रिपोर्टवर यातला शब्द दिसला तर शेपटी दोनदा वाचा. मावशीच्या कार्डावर 'कोलेसिस्टायटिस' असंही लिहिलेलं होतं. तो आजार होता, म्हणजे पित्ताशयाचा दाह; आणि एक्टोमी हा उपाय. दोन्ही शब्दांचं तोंड सारखं, सगळी माहिती शेपटीत.

दुसरी नोंदीची. 'ग्राफ' म्हणजे नोंद करणारं यंत्र, 'ग्राम' म्हणजे उमटलेली नोंद, 'ग्राफी' म्हणजे ती घ्यायची पद्धत. इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राम हा वीस अक्षरी शब्द घ्या. शेवटी ग्राम, म्हणजे नोंद. कशाची? एन्सेफॅलो, म्हणजे मेंदूची. हाही शब्द मुळात 'एन' आणि 'केफाली' मिळून झालाय, 'डोक्याच्या आत जे आहे ते'. कसली नोंद? इलेक्ट्रो, विजेची. मेंदूतल्या विद्युतलहरींची नोंद. हाच तो ईईजी. ईसीजीमधला जी सुद्धा हाच ग्राम आहे.

मग 'ओ' शोधा

शेपटी वेगळी काढली की उरलेला भाग कुठे तोडायचा, हा प्रश्न येतो. ग्रीक तुकडे एकमेकांना जोडताना मध्ये बहुतेक वेळा 'ओ' हा स्वर येतो. त्याला सांधा समजा. 'ओ'च्या मागे पेन्सिलीने उभी रेघ मारली की शब्द बऱ्याचदा आपसूक सुटतो.

ऑटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजिस्ट. एकवीस अक्षरं. रेघा मारा: ऑटो, ऱ्हायनो, लॅरिंगॉ, लॉजिस्ट. कान, नाक, स्वरयंत्र, तज्ज्ञ. कान-नाक-घशाचा डॉक्टर! आपण ज्याला ईएनटी म्हणतो तोच. इथे एक सावधगिरी हवी. ऑटोमॅटिक, ऑटोबायोग्राफी यांमधला 'ऑटो' वेगळा, त्याचा अर्थ 'स्वतः', आणि इंग्रजीत तो ए-यू असा लिहितात. कानाच्या 'ऑटो'मध्ये नुसता ओ. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात, म्हणून विग्रह करताना इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांसमोर ठेवावं.

ऱ्हायनो म्हणजे नाक हे एकदा कळलं की गेंड्याचं इंग्रजी नावही उलगडतं. ऱ्हायनोसेरॉस: नाकावर शिंग असलेला. हिपोपोटॅमस मध्ये हिपो म्हणजे घोडा आणि पोटॅमस म्हणजे नदी, पाणघोडाच. मुळं शिकण्यातला खरा आनंद मला इथे मिळतो. एका अवघड शब्दासाठी शिकलेला तुकडा दहा सोप्या शब्दांचे आतले दरवाजे उघडून देतो.

लॅटिन शब्दांत सांध्याचं काम पुष्कळदा 'इ' करतो, जसं कार्निव्होर, हर्बिव्होर. आणि जिथे पुढचा तुकडा स्वराने सुरू होतो तिथे सांधा कधीकधी गळूनही जातो. त्यामुळे रेघ मारल्यावर लगेच खात्री धरू नका.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण हेलिकॉप्टर आहे. सगळेजण तो 'हेलि' आणि 'कॉप्टर' असा तोडतात. इंग्रजीभाषकही तोडतात आणि त्यावरून नवे शब्दही बनवतात. खरा विग्रह हेलिको आणि प्टर असा आहे. हेलिको म्हणजे मळसूत्रासारखं फिरणारं, आणि ग्रीक 'प्टेरॉन' म्हणजे पंख. प्टेरोडॅक्टिल या प्राचीन उडत्या प्राण्याच्या नावात तोच पंख आहे, पीटी या विचित्र जोडीसकट.

उपसर्ग: इथे तुम्हाला घरचा फायदा आहे

आता शब्दाचं तोंड. मराठी वाचकाला इथे जी सोय आहे ती अनेकांना नाही, आणि ती कुणी आपल्याला शाळेत सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातल्या भाषा. त्यांचे कितीतरी उपसर्ग भावंडं आहेत. ग्रीक 'हायपो' आणि संस्कृत 'उप'. 'हायपर' आणि 'उपरि'. 'पेरि' आणि 'परि'. नकाराचा 'अ' किंवा 'अन' तर जसाच्या तसा: आपण अनादी, अनंत म्हणतो, आणि ते ॲनिमिया म्हणतात, ज्याचा शब्दशः अर्थ 'रक्त नसणं'. 'डिस' आणि 'दुस्', ज्याचा 'दुर्' होऊन दुर्दशा, दुर्गंध असे शब्द होतात. एकमेकांकडून उसने घेतलेले नाहीत, एकाच जुन्या घरातून बाहेर पडलेले आहेत.

म्हणून हायपोग्लायसेमिया आणि हायपरग्लायसेमिया यांत गोंधळ व्हायचं कारण नाही. हायपो, उप, खाली: रक्तातली साखर कमी. हायपर, उपरि, वर: साखर जास्त. या दोन शब्दांची अदलाबदल जिवावर बेतू शकते, तेव्हा 'उप' आणि 'उपरि' ही जोडी आजच मनात पक्की करा.

'डिस'च्या बाबतीत इंग्रजीत दोन वेगळे उपसर्ग आहेत. डिस्लेक्सियामधला वाय घालून लिहिलेला 'डिस' ग्रीक, अर्थ 'बिघडलेलं, अवघड'. डिसकनेक्टमधला आय घालून लिहिलेला लॅटिन, अर्थ 'वेगळं करणं, उलट करणं'. पुढे एका प्रसिद्ध शब्दात हा दुसरा आपल्याला भेटणार आहे.

भावंडं नुसत्या उपसर्गांतच नाहीत. तेरा या आकड्याच्या भीतीला ट्रिस्कायडेकाफोबिया म्हणतात. त्याचा विग्रह 'ट्रिस', 'काय', 'डेका', 'फोबिया'. तीन, आणि, दहा, भीती. मधला 'काय' म्हणजे ग्रीकमधलं 'आणि'. आता त्रयोदशी हा शब्द उच्चारून बघा: त्रय आणि दश त्यात समोर उभे आहेत.

आणि माझा सर्वांत लाडका शब्द: हॉरिपिलेशन. अंगावर काटा येणं. लॅटिन 'होरेरे' म्हणजे ताठ उभं राहणं, 'पिलुस' म्हणजे केस. केस उभे राहणं. आपल्याकडे याला लोमहर्षण म्हणतात, आणि त्यावरूनच आपण 'लोमहर्षक प्रसंग' म्हणतो. लोम म्हणजे अंगावरचा केस, आणि 'हर्ष'चा मूळ धातू 'हृष्', म्हणजे केस ताठ उभे राहणं. आनंद हा अर्थ त्याच्या पोटातच. भाषाशास्त्रज्ञ 'होरेरे' आणि 'हृष्' यांना एकाच मुळाचे मानतात. इंग्रजीतला हॉरर आणि मराठीतला हर्ष सख्खे चुलतभाऊ! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या हातावरचा केस खरंच उभा राहिला होता.

अर्थ लावताना पाय कुठे घसरतो

तुकडे झाले की शेपटीकडून तोंडाकडे वाचत जा आणि 'चा, ची, चे' लावत चला. स्फिग्मोमॅनोमीटर: मीटर, मापक; मॅनो, दाबाशी संबंधित (मॅनोमीटर म्हणजे दाबमापक); स्फिग्मो, नाडी. नाडीच्या दाबाचं मापक. दंडाला पट्टा बांधून बीपी बघायचं यंत्र ते हेच.

पण दोन ठिकाणी फसगत होते. एक म्हणजे सारखी दिसणारी मुळं. पेडेस्ट्रियनमधला 'पेड' लॅटिन, म्हणजे पाय. आपल्या 'पद'चा नातलग. पीडिॲट्रिशियनमधला 'पेड' ग्रीक, म्हणजे मूल. बालरोगतज्ज्ञ पायांचा डॉक्टर नसतो. तसंच ग्रीक 'होमो' म्हणजे समान, होमोजिनस मधला. आणि लॅटिन 'होमो' म्हणजे माणूस, होमो सेपियन्स मधला.

दुसरी फसगत काळाने केलेली. विग्रहातून निघतो तो मुळातला अर्थ. शब्द तिथून लांब चालत गेलेला असू शकतो. प्रीपॉस्टरस या शब्दात लॅटिनमधले 'आधी' आणि 'नंतर' हे दोन्ही तुकडे शेजारी शेजारी आहेत. पुढचं मागे, मागचं पुढे. आज त्याचा अर्थ 'अत्यंत हास्यास्पद' असा आहे. मुळातला अर्थ ठाऊक असला की आजचा चांगला लक्षात राहतो, पण वापरण्यापूर्वी शब्दकोशात पाहिल्याशिवाय राहू नका.

आता मोठे मासे

एवढी तयारी झाली की लोक ज्यांची नावं एकमेकांना ऐकवतात ते शब्द हातात घ्यायला हरकत नाही. हे शब्द रोज वापरायचे नाहीत. विग्रहाचा सराव म्हणून मात्र त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. पंचेचाळीस अक्षरं, इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशांत सापडणारा सर्वांत लांब शब्द. घाबरू नका, शेपटीपासून या. ओसिस, विकार, ४ अक्षरं. कोनि, धूळ, ४. व्होल्कॅनो, ज्वालामुखी, ७. सिलिको, सिलिका, ६. मायक्रोस्कोपिक, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं, ११. अल्ट्रा, त्याच्याही पलीकडचं, ५. न्यूमोनो, फुप्फुस, ८. बेरीज करा, बरोबर ४५. अर्थ: ज्वालामुखीतून येणारी अतिसूक्ष्म सिलिका-धूळ श्वासातून आत गेल्याने होणारा फुप्फुसाचा विकार. हा शब्द डॉक्टरांनी केलेला नाही. अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या कोडी सोडवणाऱ्यांच्या संस्थेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ साली, सर्वांत लांब शब्द असावा म्हणून तो मुद्दाम घडवला. सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला डॉक्टर सरळ सिलिकोसिस म्हणतात, आणि दगडखाणीत काम करणाऱ्यांसाठी तो फार गंभीर आजार आहे.

फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन. एकोणतीस अक्षरं. याची गोष्ट मला जास्त आवडते. लॅटिनमध्ये एखाद्या गोष्टीला किंमत न देणं अशा अर्थाचे काही वाक्प्रचार आहेत: फ्लॉक्सि, लोकरीच्या पुंजक्याएवढी किंमत; नॉसि, क्षुल्लक वस्तूएवढी; निहिलि, शून्याएवढी; पिलि, केसाएवढी. वरच्या हॉरिपिलेशनमधला केस इथे पुन्हा आला बघा. इंग्लंडमधल्या शाळांच्या लॅटिन व्याकरणात हे शब्द एकत्र दिलेले असत. कुणीतरी ते चारही ओळीने जोडले आणि वर 'फिकेशन', म्हणजे 'करणं', हे शेपूट लावलं. विल्यम शेनस्टोन या कवीच्या १७४१ सालच्या पत्रात तो आढळतो, पैशाला तुच्छ लेखण्याबद्दल. मराठीत याला 'कस्पटासमान लेखणं' असा तयार वाक्प्रचार आहे. ते पुंजका आणि केस म्हणतात, आपण कस्पट म्हणतो, कल्पना तीच.

अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम. अठ्ठावीस अक्षरं. हा आतून बाहेर सोलायचा शब्द, कांद्यासारखा. गाभ्यात एस्टॅब्लिश, प्रस्थापित करणं. इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंड हे राज्याने प्रस्थापित केलेलं, म्हणजे अधिकृत चर्च आहे. ते अधिकृतपण काढून घेणं म्हणजे डिसएस्टॅब्लिशमेंट. हाच तो लॅटिन 'डिस'. ते काढून घ्यावं असं म्हणणारा डिसएस्टॅब्लिशमेंटेरियन. आणि त्याला विरोध करणारं मत म्हणजे आपला पूर्ण शब्द. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये हा वाद खरोखर पेटलेला होता. आयर्लंडमधल्या चर्चचं अधिकृतपण काढणारा कायदा १८६९ मध्ये झाला आणि १८७१ पासून लागू झाला. वेल्समध्ये ते १९२० मध्ये अमलात आलं. इंग्लंडमध्ये आजही झालेलं नाही. शब्दात 'अँटि' आणि 'डिस' असे दोन नकार आहेत, ते एकमेकांना खोडतात. म्हणजे शेवटी हे चर्च अधिकृत राहावं या बाजूचं मत. गणितातल्या उणे गुणिले उणेसारखं. लांब शब्दात नकार दिसले की ते मोजायची सवय लावा, नाहीतर अर्थ नेमका उलटा लागतो.

टिटिन या प्रथिनाचं संपूर्ण रासायनिक नाव १,८९,८१९ अक्षरांचं भरतं. पण ते नाव म्हणजे घटकांची ओळीने मांडलेली यादी आहे, शब्दकोश त्याला शब्द मानत नाहीत. तिथे वेळ घालवू नका.

उच्चार

लांब शब्द तोंडात बसवायचा तर तोही मागून बसवावा. आधी शेवटचे दोन अवयव (सिलेबल, म्हणजे एका झटक्यात म्हटले जाणारे तुकडे) म्हणा, मग मागचा एक जोडा, मग आणखी एक. 'केशन'. 'फिकेशन'. 'पिलिफिकेशन'. 'निहिलिपिलिफिकेशन'. असं केल्याने शब्दाचा शेवट, जिथे जीभ नेहमी अडखळते, तोच सर्वांत जास्त वेळा म्हटला जातो. पुढून सुरू केलं तर 'फ्लॉक्सि'चा सराव शंभरदा होतो आणि शेवट कच्चाच राहतो. दोन दिवसांत फरक जाणवेल.

पहिल्या सरावासाठी मी होनोरिफिकाबिलिट्युडिनिटाटिबस सुचवतो. शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' या नाटकात तो येतो. त्याच्या सगळ्या नाटकांतला हा सर्वांत लांब शब्द, सत्तावीस अक्षरांचा. मूळ लॅटिन, मानसन्मानाला पात्र असण्याच्या अवस्थेबद्दल. इंग्रजी लिपीत पाहिलं तर यात व्यंजन आणि स्वर पहिल्यापासून शेवटपर्यंत आळीपाळीने येतात. त्यामुळे तो लॅटिन पद्धतीने देवनागरीत लिहिला, हो-नो-रि-फि-का-बि-लि-तु-दि-नि-ता-ति-बुस, तर एकही जोडाक्षर लागत नाही! बाराखडी म्हणणाऱ्या जिभेला याहून सोपा लांब शब्द मिळणार नाही.

उच्चारात आपली खरी अडचण जोर देण्याची असते. आपण सगळे अवयव सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत एक अवयव ठळक असतो आणि बाकीचे त्याच्यामागे पळतात. लांब शब्दांत ठळक अवयव शेपटीवरून ओळखता येतो. 'शन'ने संपणाऱ्या शब्दात जोर त्याच्या लगेच आधी: फिकेशनमध्ये 'के'वर. 'लॉजी' किंवा 'ग्राफी' असेल तर शेवटून तिसऱ्या अवयवावर. म्हणून फोटोग्राफ म्हणताना जोर सुरुवातीच्या 'फो'वर असतो, पण फोटोग्राफीचा उच्चार 'फटॉग्रफी'च्या जवळ जातो, जोर 'टॉ'वर. 'इक'ने संपणाऱ्या बहुतेक शब्दांत जोर त्याच्या आधीच्या अवयवावर, पॉलिटिक्ससारखे थोडे अपवाद सोडून.

स्पेलिंग

स्पेलिंगसाठी वेगळी घोकंपट्टी लागत नाही. तुकडा ओळखला की त्याचं स्पेलिंग ठरलेलं असतं. शब्द ग्रीक आहे असं कळलं की फ हा पी-एच असणार, क पुष्कळदा सी-एच, र आणि आर-एच यांत घोटाळा नाकापाशी म्हणजे ऱ्हायनोपाशी संपणार, आणि मधला इ किंवा आय बऱ्याचदा वाय असणार. सुरुवातीचा पी मुका असू शकतो: न्यूमोनिया, स्यूडो, सायकॉलॉजी, तिन्हींत. ग्रीक लोक तो पी म्हणत असत, इंग्रजीभाषकांनी सोडून दिला, स्पेलिंगमध्ये मात्र राहिला.

वही आणि वापर

मुळांची एक वही करा. शब्दांची नको, मुळांची. प्रत्येक मुळाला अर्धं पान. वर मूळ आणि अर्थ, खाली ते ज्या ज्या शब्दात भेटेल तो शब्द. माझ्या वहीत 'पेड म्हणजे पाय' या पानावर आधी पेडल आणि पेडेस्ट्रियन होते. पुढे बायपेड आलं, मग सेंटिपीड, आणि एक दिवस सेस्क्विपेडॅलियन. सेस्क्वि म्हणजे दीड. इंग्रजीत दीडला सुटा शब्द नाही, 'एक आणि अर्धा' म्हणावं लागतं. लॅटिनमध्ये आहे आणि आपल्याकडेही आहे. सेस्क्विपेडॅलियन म्हणजे दीड फूट लांबीचा. रोमन कवी होरेस याने लांबलचक, फुगलेल्या शब्दांना हे विशेषण लावलं, तेव्हापासून ते लांब शब्दांचंच नाव झालं. मराठीत दीडफुटी शब्द असं सहज म्हणता येतं.

रोज एक शब्द एवढंच ठेवा, आणि तो शब्दकोशात बघताना नोंदीतला व्युत्पत्तीचा भाग वाचल्याशिवाय पान मिटू नका. मेरियम-वेबस्टरच्या ऑनलाइन कोशात तो मोफत मिळतो.

वापराबद्दल माझं मत ठाम आहे: अर्जात, पत्रात, भाषणात हे शब्द घालू नयेत. समोरच्याला जो शब्द कळत नाही तो आपल्या उपयोगाचा नाही. व्यवसायाच्या कागदात मात्र जिथे नेमकेपणा हवा तिथे एक्टोमी आणि स्टोमी यांना पर्याय नसतो. संगणकक्षेत्रातल्या मंडळींनी तर आपल्यापुरता तोडगा काढलाय. इंटरनॅशनलायझेशन या वीस अक्षरी शब्दाचं पहिलं अक्षर आय आणि शेवटचं एन ठेवून मधल्या अठरा अक्षरांच्या जागी ते १८ हा आकडाच लिहितात. अशा लेखनात आय आणि एनच्या मध्ये १८ दिसले तर ती चूक समजू नका.

सरावाला एक शब्द देतो, पोटाच्या तपासणीच्या रिपोर्टवर दिसणारा: एसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडेनोस्कोपी. सव्वीस अक्षरं. शेपूट स्कोपी, आत डोकावून पाहणं. 'ओ'च्या मागे रेघा मारल्या की तीन तुकडे उरतात. एसोफॅगो म्हणजे अन्ननलिका. गॅस्ट्रो म्हणजे जठर. ड्युओडेनो म्हणजे जठराला लागून असलेला लहान आतड्याचा पहिला भाग. त्याची लांबी बारा बोटांच्या रुंदीएवढी मानली जायची, म्हणून लॅटिनमध्ये त्याला बारावरून नाव पडलं. ड्युओडेनो हळू म्हणून बघा, आणि मग द्वादश म्हणा.